एक्झॉस्ट व्हॉल्व्हला चुंबक अर्धाच का चिकटतो? जाणून घ्या फ्रिक्शन वेल्डिंग

गॅरेजमध्ये जुना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिळाला, तर त्याला चुंबक लावून बघा. अनेकदा तो दांड्याला चिकटतो, पण बशीसारख्या डोक्याला चिकटत नाही. कारण हा व्हॉल्व्ह दोन वेगळ्या पोलादांचा असतो.

सातपूरला गाड्या आणि इगतपुरीला इंजिनं बनवणाऱ्या नाशिक जिल्ह्यासाठी हा विषय रोजच्या कामाचा आहे. व्हॉल्व्हचं डोकं साधारण ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. तिथे सुमारे २१ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल असलेलं ऑस्टेनिटिक पोलाद टिकतं. पण ते महाग असतं आणि उष्णता देऊन कडक करता येत नाही. दांडा मात्र गाइडमध्ये सतत घासतो, म्हणून तो कडक होणाऱ्या मार्टेन्सिटिक पोलादाचा करतात.

मग दोन्ही जोडायचे कसे? वितळवून जोडलं तर मिश्रण ठिसूळ होऊन तडे जाण्याची भीती असते. म्हणून एक तुकडा स्थिर धरतात, दुसरा वेगाने फिरवून त्यावर दाबतात. घर्षणाने टोकं लाल होऊन मऊ पडतात, पण वितळत नाहीत. मग फिरणं थांबवून दाब आणखी वाढवतात. गंज, मळ घेऊन मऊ धातू कॉलरसारखा बाहेर येतो. तो नंतर कापून टाकतात. सगळं काही सेकंदांत होतं.

खरी गोम त्या सेकंदांतच आहे. गोल दांड्याच्या कडेला वेग जास्त आणि मध्यभागी जवळपास शून्य. वेळ कमी पडला तर मधला भाग नीट जुळत नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही! वेळ जास्त झाला तर जोडाभोवतीचा मोठा पट्टा उष्णतेने बिघडतो. शिवाय मार्टेन्सिटिक बाजू थंड होताना ठिसूळ होते, त्यामुळे नंतर टेम्परिंग करावं लागतं.

जोड चांगला आहे का, हे ओढून तोडल्यावर कळतं. चांगला नमुना जोडावर न तुटता शेजारच्या, दोहोंतल्या कमकुवत पोलादात तुटतो. पण एकदा ओढून भागत नाही, कारण व्हॉल्व्ह मिनिटाला हजारावर वेळा आपटतो. म्हणून वाकवून आणि थकवा चाचणी घेऊनही बघतात.

दीर्घकाळ उष्णतेत राहिल्यास कार्बन क्रोमियमच्या बाजूला सरकतो आणि दुसऱ्या बाजूला मऊ पट्टा उरतो. त्यामुळे जोड शक्यतो डोक्यापासून दूर, गाइडच्या थंड भागात ठेवतात. तो सुटला तर डोकं थेट सिलिंडरमध्ये पडतं आणि पिस्टनसकट इंजिनचं काम उघडावं लागतं.