सर्व लेकरांचा एक शिक्षक

लोणावळ्याचे नाव घेतले की धुके, बोगदे आणि चिक्की यांची आठवण होते. शिक्षणाच्या इतिहासातही या गावाला एक लहानशी जागा आहे, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते. १८९६ च्या सुमारास येथे मिशनरी मंडळींचे प्रार्थना-शिबिर भरत असे. पंडिता रमाबाई आपल्या शारदा सदनातील पंधरा मुलींना घेऊन त्या शिबिरास आल्या होत्या. पहाटे रानात एकान्ती जाऊन त्यांनी प्रार्थना केली, की या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे ही संख्या दोनशे पंचवीस व्हावी. त्यानंतर थोड्याच काळात मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो निराधार स्त्रिया व मुली घेऊन परतल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले ते यांच्यासाठी.

रमाबाई कॅथॉलिक नव्हत्या. तरीही या लेखाचा आरंभ त्यांच्यापासून करणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण आज ज्याला प्राथमिक आणि विशेष शिक्षणाचा संयुक्त अभ्यासक्रम म्हणतात, त्याचे बीज आम्हांला केडगावला दिसते. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे, म्हणजे किंडरगार्टनचे, शिक्षण घेतले. चेंडू, ठोकळे, दोरे यांना हात लावून, फिरवून, रचून मुलाने शिकावे, ही ती पद्धत. पुढे दुष्काळातून आलेल्या स्त्रियांमध्ये काही अंध निघाल्या. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून त्यांना वाचायला शिकवले. शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयाच्या नावाने त्यांचे सदन ओळखले जाऊ लागले. चार वर्षांच्या डोळस मुलीला ठोकळा हातात देऊन शिकवणारी आणि अंध मुलीच्या बोटांखाली उठावाचे ठिपके ठेवणारी बाई एकाच आवारात राहत होती. दोघींचे तत्त्वही एकच होते : ज्ञान हाताने आत जाते. मनोरमाबाई १९२१ साली निवर्तल्या, रमाबाई १९२२ साली. त्यांच्या या दुहेरी प्रयोगास सरकारी पदवीचे नाव कधी मिळाले नाही.

आता आपल्या ख्रिस्तसभेच्या घराकडे वळू. भारतातील बहिऱ्या मुलांची पहिली शाळा म्हणून जिचा उल्लेख होतो, ती मुंबईत माझगाव येथे १८८५ च्या सुमारास सुरू झाली. तिचे प्रवर्तक होते मुंबईचे तत्कालीन व्हिकर अपॉस्टॉलिक, येशूसंघीय महागुरुस्वामी लिओ मोइरिन. पुढच्याच वर्षी, १८८६ साली, पोप तेराव्या लिओंनी भारतात धर्मप्रांतांची रचना केली. मावळ आज ज्या पुणे धर्मप्रांतात मोडतो, त्याचा जन्म याच वर्षीचा. म्हणजे आपला धर्मप्रांत आणि आपल्याकडील बधिरांचे शिक्षण ही दोन्ही जवळपास जुळी भावंडे म्हणावी लागतील. एकाची जयंती आपण साजरी करतो, दुसऱ्याची आठवणही काढत नाही.

माझगावच्या शाळेपाठोपाठ देशात इतर शाळा निघाल्या. १८८७ साली ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंधांसाठी शाळा काढली. १८९३ साली कोलकात्यात बहिऱ्यांची शाळा सुरू झाली. १९०० साली ॲना मिलर्ड यांनी मुंबईत अंधशाळा उघडली. १९४४ साली वकील या पारशी दांपत्याने आपल्या लेकीच्या निमित्ताने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. १९७० च्या दशकात सोफिया महाविद्यालयाच्या आवारात धर्मभगिनींनी साधना शाळा सुरू केली. पुण्यात कामायनीसारख्या संस्था उभ्या राहिल्या. या सर्वांच्या तपश्चर्येपुढे आम्ही नतमस्तक आहोत. ज्या काळी अशा मुलांना घराच्या माजघरात दडवून ठेवीत, त्या काळी त्यांच्यासाठी स्वतंत्र छप्पर उभारणे हाच खरा पराक्रम होता.

तथापि स्वतंत्र छपराबरोबर स्वतंत्र शिक्षक आला, स्वतंत्र प्रशिक्षण आले, आणि हळूहळू शिक्षकांच्या दोन जाती निर्माण झाल्या. एकीकडे ट्रेनिंग कॉलेज, पी.टी.सी. आणि पुढे डी.एड. या वाटेने आलेला गावचा गुरुजी. त्याला बालमानसशास्त्र शिकवले गेले, फळ्यावरचे लेखन शिकवले गेले, पाठाचे टाचण काढायला शिकवले गेले. पण ऐकू न येणारे मूल वर्गात आले तर काय करावे, याची दीक्षा त्याला मिळाली नाही. दुसरीकडे विशेष शिक्षक. त्याला ब्रेल येते, श्रवणयंत्राची निगा येते, एकेका मुलासाठी वेगळी आखणी करता येते. पण पन्नास मुलांचा चौथीचा वर्ग त्याच्या हाती सहसा दिला जात नाही.

शासनाच्या दप्तरातही हीच फाळणी उतरली. महाराष्ट्रात सामान्य शाळा शिक्षण खात्याकडे राहिल्या, विशेष शाळा समाजकल्याण खात्याकडे गेल्या. २०२२ साली राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. केंद्रातही तेच. विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमांवर देखरेख करणारी भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने आली आणि सामाजिक न्याय मंत्रालयाखाली बसली. सामान्य शिक्षकांसाठी असलेली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद १९९३ च्या कायद्याने आली आणि शिक्षण मंत्रालयाखाली बसली. एकाच मुलाला शिकवू पाहणाऱ्या दोघांच्या सनदा अशा रीतीने दोन दारांतून मिळू लागल्या.

ही फाळणी कुणाला दिसली नाही, असे मात्र नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अपंग मुलांचे शिक्षण हे सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचे अविभाज्य अंग असावे, असे सांगितले. १९७४ साली अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना आली. ती आधी समाजकल्याण मंत्रालयाकडे होती, १९८२ साली शिक्षण खात्याकडे आली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तर स्पष्टच म्हटले, की शिक्षकांच्या, विशेषतः प्राथमिक शिक्षकांच्या, प्रशिक्षणास या मुलांच्या अडचणींच्या दृष्टीने नवे वळण द्यावे. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे जगातील अनेक राष्ट्रांनी सर्वसमावेशक शाळेचा पुरस्कार केला. १९९५ साली आपल्याकडे अपंग व्यक्तींचा कायदा झाला, २००९ साली शिक्षणहक्काचा, आणि २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. कागद वाढत गेले. प्रशिक्षणाच्या दोन वाटा मात्र बहुतांशी समांतरच राहिल्या.

त्यांना जोडणारे लहानमोठे साकव तेवढे बांधले गेले. २०१० च्या अधिसूचनेने विशेष शिक्षणाची पदविका घेतलेल्यास प्राथमिक वर्गावर नेमता येईल, असे ठरले. नेमणुकीनंतर त्याने सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा, ही अट. २०१४ नंतर दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. मध्ये सर्वसमावेशक शाळेवर एक अर्धी प्रश्नपत्रिका आली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने दोन्ही परिषदांच्या अभ्यासक्रमांत अधिक मेळ असावा, आणि विषयही शिकवू शकतील असे विशेष शिक्षक मिळावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. अर्ध्या प्रश्नपत्रिकेने शिक्षकाची जाणीव जागी होईल. त्याचे हात तयार होणार नाहीत.

संयुक्त पदवी म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९७५ साली सर्व अपंग मुलांना सार्वजनिक शाळेत शिक्षण देण्याचा कायदा झाला. त्यानंतर तेथील अनेक विद्यापीठांत असे चार वर्षांचे अभ्यासक्रम आले, की ज्यांत एकच विद्यार्थिनी प्राथमिक शिक्षण आणि विशेष शिक्षण दोन्ही शिकते आणि दोन्हींची पात्रता घेऊन बाहेर पडते. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज विद्यापीठाचा अभ्यासक्रम या प्रकारचा आहे. गणित कसे शिकवावे हे शिकतानाच, ज्याला आकडे उलटे दिसतात त्याला ते कसे शिकवावे, हेही ती शिकते. सराव-पाठ संपूर्ण वर्गाचा घेते, आणि त्याच वर्गातील एका मुलासाठी वर्षभराची वेगळी आखणीही करते. चिंचोके मांडून शिकवलेली बेरीज ही दृष्टी अधू असलेल्या मुलासाठी सोय असते, पण तिचा लाभ शेजारच्या दहा मुलांनाही होतो. फ्रोबेलचे ठोकळे आणि ब्रेलचे ठिपके एका आवारात आणणाऱ्या मायलेकींना हे पदवीवाचून उमगले होते.

हे सर्व मावळच्या संदर्भात तपासून पाहिले, की या प्रश्नाची निकड ध्यानात येते. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांत ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजाच्या वाड्यावस्त्या डोंगरकुशीत विखुरलेल्या आहेत. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर शिक्षक दोन. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिलेल्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. तोवर फिरत्या शिक्षकांनी शाळा वाटून घ्याव्यात आणि इतर शिक्षकांनाही सक्तीने प्रशिक्षण द्यावे, असे म्हटले. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने प्रत्येक केंद्रामागे एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली. हे स्वागतार्हच आहे. परंतु एका केंद्रात अनेक गावांच्या शाळा येतात. वाडीतल्या शाळेत असे मूल एकच असेल, तर फिरता शिक्षक आठवड्यातून एखाद वेळी पोहोचणार; आषाढात ओढ्यांना पूर आला की तेही नाही. उरलेले सर्व दिवस ते मूल त्या दोन गुरुजींच्या हाती असते. त्या दोघांपैकी एकाला जरी दोन्ही विद्या अवगत असतील, तर त्या मुलाला घरदार सोडून पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जावे लागणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. दोन विद्या एकदम शिकणारा दोन्हींत कच्चा राहील, असे जाणकार म्हणतात. बहिऱ्या मुलाला खुणांची भाषा अस्खलित येणारा शिक्षक लागतो, आणि त्याला त्याच भाषेतले सवंगडीही लागतात, हे खरेच आहे. १८८० साली मिलान येथील परिषदेने बधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला, आणि सर्वांना एकाच मापाने मोजल्याची शिक्षा अनेक पिढ्यांनी भोगली. म्हणून विशेष शाळा बंद कराव्यात, असे आमचे म्हणणे नाही. गावात कुटुंबाचा डॉक्टर असला तरी शस्त्रक्रियेला तज्ज्ञ लागतोच. पण तज्ज्ञाकडे केव्हा पाठवावे हे कळायलाही गावात डॉक्टर असावा लागतो. संयुक्त शिक्षण घेतलेला प्राथमिक शिक्षक हा तो गावचा डॉक्टर होय.

वाचकहो, आता थोडे आपल्या घरचे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही. आपल्या शाळांच्या स्वायत्ततेसाठी त्या निर्णयाचे मोल मोठे आहे. परंतु कायद्याने दिलेली मोकळीक ही दार लावून घेण्याची मुभा होऊ नये. बहिऱ्यांची पहिली शाळा ज्या ख्रिस्तसभेने काढली, तिच्या शाळेत मुलाच्या दिव्यांगत्वाचे कारण सांगून पालकांना परत पाठवले जात असेल, तर आपल्याच इतिहासाशी ती प्रतारणा ठरेल. प्रभूने बहिऱ्या माणसाच्या कानांत बोटे घातली, जिभेस स्पर्श केला आणि 'इफ्फाथा', म्हणजे 'मोकळा हो', असे म्हटले. त्याने आधी त्या माणसाला गर्दीतून बाजूला घेतले, हेही मार्काने नोंदवले आहे. बाजूला घेऊन एकट्याकडे लक्ष देणे आणि नंतर त्याला लोकांत परत पाठवणे, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात आहेत. शिक्षकाच्या प्रशिक्षणातही दोन्ही असाव्यात, एवढीच आमची मागणी आहे.

धर्मग्रामातून घरोघरी आशीर्वादासाठी फिरताना आम्हांला एक विसंगती पुनःपुन्हा जाणवते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ज्या मुलाचे नाव आम्ही लिहिले, त्याचे नाव शाळेच्या हजेरीपटावर नसते, किंवा पहिल्या दोन इयत्तांनंतर तेथून गळालेले असते. आईवडील ओशाळून सांगतात, "फादर, याला शाळेत काही जमत नाही." जमत नाही ते मुलाला, की त्याला शिकवायला न शिकलेल्या शाळेला, हा प्रश्न आपण विचारीत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील काही आपल्या बाकांवर मिस्सेला बसतात, काही मिस्सेलाही आणले जात नाहीत.

म्हणून आमची विनंती अगदी लहान आहे. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी बारावीनंतर शिक्षक होण्याची इच्छा बाळगून असेल, तर फी आणि नोकरी यांची चौकशी करताना आणखी एक प्रश्न विचारा : या अभ्यासक्रमात विशेष शिक्षण किती आहे, आणि दोन्ही परिषदांची मान्यता त्याला आहे काय? आपल्या शाळांच्या व्यवस्थापनांनी नवा शिक्षक नेमताना हाच प्रश्न त्याला विचारावा. जेथे दोन्ही विद्या एका पदवीत मिळत नसतील, तेथे एकीवर दुसरी जोडून घेण्यास आपल्या तरुणांना धर्मग्रामाने आर्थिक हात द्यावा. नाणे मावळातल्या एखाद्या वाडीत दोन शिक्षकांच्या शाळेत येत्या जूनमध्ये जे मूल पहिल्यांदा बसेल, त्याला फिरत्या शिक्षकाची वाट पाहत वर्ष काढावे लागू नये.