बादली आणि शेवटचे तीन अंक

मे २००० पूर्वी सामान्य माणसाच्या हातातील जीपीएस यंत्र सुमारे १०० मीटरपर्यंत चुकत असे. दोष यंत्राचा नव्हता. नागरी संकेतांत अमेरिकी सरकारच मुद्दाम अशुद्धी मिसळत होते. क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे रोजी ही भेसळ थांबली.

दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमधील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली दडवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले: उत्तर ४५° १७.४६०′, पश्चिम १२२° २४.८००′. माइक टीग यांनी ती प्रथम शोधली. जिओकॅशिंग हा शब्द त्याच महिन्याच्या अखेरीचा.

कोड्यांचा शोधखेळ रचणाऱ्याने दशांशचिन्हानंतरचे तीन अंक नीट न्याहाळावेत. अक्षांशात त्यांतील पहिल्याचे एक एकक म्हणजे जमिनीवर सुमारे १८५ मीटर, दुसऱ्याचे साडेअठरा, तिसऱ्याचे जेमतेम दोन. भेसळीच्या काळात शेवटचे दोन अंक जवळजवळ निरर्थक होते. आज कोडे तिथेच वसते. म्हणून शिलालेखातील वर्ष किंवा पायऱ्यांची संख्या या अंकांत गुंफतात आणि जाहीर नकाशाबिंदू फसवा ठेवतात. मात्र पहिला अंक संदिग्ध कोड्यावर सोपवणे हा माझ्या मते खेळाडूवरचा अन्यायच. एका चुकीने तो भलत्याच टेकडीवर पोहोचतो. सर्व अंकांची बेरीज पडताळणीसाठी द्यावी. लपवण्याच्या जागेची नोंदही निरनिराळ्या दिवशी घेऊन सरासरी काढावी, कारण झाडीखाली यंत्र अजूनही डळमळते.

बीव्हरक्रीकला आता ती बादली नाही. तिच्या जागी स्मरणफलक आहे.