अस्तराची बाजू

घरी शिवलेल्या फ्रॉकचा इतिहास वाचायचा तर तो आधी उलटा करावा लागतो. सुलट बाजूवर त्या काळची फॅशन दिसते. घर दिसतं ते अस्तरात.

'अस्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिथं दुहेरी कपड्याच्या वरच्या कापडाला 'अब्रा' म्हणतात आणि आतल्याला 'अस्तर'. आपल्या बोलण्यात रुळला तो आतलाच. बायकांच्या रोजच्या कपड्यांना पूर्वी त्याची फारशी गरज नव्हती. लुगड्याला शिवणच नव्हती, आणि खणाची चोळी तर अंगासरशी गाठ मारून नेसायची. पुढे पोलकी, झंपर, फ्रॉक आले, पातळ कापडं आली आणि अस्तर घराघरांत पोचलं.

त्याच्या पाठीशी मशीन होतं. आयझॅक सिंगरला 1851 साली अमेरिकेत पेटंट मिळालं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. 1930च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 'उषा' मशीन काढलं. आमच्या कडावच्या घरात पायमशीन आहे ते उषाच. वीज गेली तरी ते अडत नाही.

त्याच्या खालच्या ट्रंकेत मावशीचा लहानपणीचा एक फ्रॉक आहे, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन वर्षांतला. तो काळ कापडटंचाईचा. 1943 साली सरकारनं कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं. 1948च्या सुरुवातीला ते उठवलं, तर भाव असे भडकले की त्याच वर्षी पुन्हा लावावं लागलं. हे सगळं पुस्तकात वाचता येतं. फ्रॉक उलटा केला की त्याच गोष्टीची दुसरी बाजू कळते. अस्तर तीन तुकड्यांचं आहे, दोन वेगवेगळ्या जुन्या लुगड्यांतलं. बाजूच्या शिवणीलगत गडद रंगाचे दोन पट्टे आहेत, आणि प्रत्येकाच्या कडेला सुईच्या बारीक भोकांची रांग. म्हणजे शिवण दोनदा उसवून फ्रॉक दोनदा मोठा केला. आत दडलेलं कापड उन्हापाण्यानं विटलं नव्हतं, म्हणून ते पट्टे गडद राहिले. शिवणीत राखून ठेवलेल्या या जादा कापडाला मराठी शिवणकामात 'माया' म्हणतात.

जुन्या लुगड्याचं अस्तर म्हणजे नुसती काटकसर नव्हे. नवं सुती कापड पाण्यातून काढलं नाही तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड गोळा होतं. शेकडो वेळा धुतलेलं लुगडं आटायचं ते आटून गेलेलं असतं, त्याचा रंगही सुटत नाही. शिवाय कर्जत भागातल्या पावसाळ्यात जाड दुहेरी कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. विरलेलं अस्तर लवकर वाळतं. आजीला हे कुठल्याही शिवणवर्गात शिकावं लागलं नव्हतं.

परवा भाचीसाठी फ्रॉक शिवायला घेतला. संध्याकाळ शांत होती, शेतावरची माणसं परतली होती. आईच्या सुती साडीचं अस्तर बेतलं. दोन्ही कापडांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून गळ्याला टीप मारली, गोलाईला कात्रे दिले, उलटवलं. बाजूला इंचभर माया सोडली तेव्हा बहीण म्हणाली, "अगं, कशाला एवढी? आखूड झाला की नवा घेऊ." तिचं चूक नाही. कर्जतच्या बाजारात तयार फ्रॉक शिलाईच्या पैशांतही मिळतो. त्याच्या आत मात्र ओव्हरलॉकची कड असते आणि पाव इंच कापड. तो मोठा होऊ शकत नाही.

संग्रहालयांत पैठण्या जपल्या जातात, आणि त्या जपायलाच हव्यात. पण घरातले अस्तराचे फ्रॉक शेवटी फडकी होतात, पोतेरी होतात. टंचाईच्या वर्षांत एखाद्या बाईनं पोरीची तीन वर्षं एकाच कापडात कशी बसवली, याची नोंद दुसरीकडे कुठंही नसते. ट्रंकेत असा एखादा कपडा असेल तर टाकण्याआधी एकदा उलटा करून बघा.

भाचीच्या फ्रॉकची माया मी इंचभरच ठेवली आहे.