पाळीव सरड्याच्या पेटीतील तळ कसा असावा?

विदेशी सरडे पाळण्याचा छंद मोठ्या शहरांतून आता बराच रुजला आहे. घोरपडीसारखा देशी सरपटणारा प्राणी पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हाच आहे. त्यामुळे छंदिष्टांच्या काचपेट्यांतून दिसतात ते मुख्यतः लेपर्ड गेको, ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन आणि न्यू कॅलेडोनिया बेटांवरील क्रेस्टेड गेको. पेटी घेताना दिवे, तापमापक, पाण्याचे भांडे यांचा विचार होतो. पेटीच्या तळाशी काय पसरायचे, हा प्रश्न मात्र बहुधा दुकानदारावर सोपवला जातो आणि तो रंगीत वाळूची पिशवी पुढे करतो.

‘वाळवंटी प्राणी, म्हणून वाळू’ हा समज त्यामागे असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. लेपर्ड गेको हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशाचा रहिवासी. तेथील जमीन घट्ट मातीची, दगडगोट्यांची. भुसभुशीत वाळूचे ढिगारे हे त्याचे घर नव्हे. शिवाय घरातील भिंतीवरच्या पालीसारखे चिकट तळवे त्याला नसतात. तो काचेवर चढू शकत नाही. उभे आयुष्य जमिनीवर काढतो आणि भक्ष्यही जमिनीवरच टिपतो. किड्यावर झडप घालताना तोंडात चार कण जाणारच.

निरोगी प्राण्याच्या पोटातून असे थोडे कण विष्ठेवाटे निघून जातात. धोका असतो तो पोटात कणांचा गोळा होऊन आतडे तुंबण्याचा. वाळूला सरसकट दोष देणे मात्र अपुरे ठरेल. सरड्याचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते. पेटीत पुरेशी ऊब नसेल तर अन्नही नीट पचत नाही, मग वाळू पुढे सरकणे दूरच. लेपर्ड गेकोला उबेच्या जागी सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. शरीरातील पाणी कमी झाले, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची कमतरता असली किंवा पोटात जंत असले, तर धोका आणखी वाढतो. कॅल्शियमची उणीव असलेला प्राणी तर मुद्दाम तळ चाटू लागतो.

‘पचणारी’ म्हणून विकली जाणारी कॅल्शियमयुक्त वाळू येथेच घात करते. ती कॅल्शियम कार्बोनेटची असते, म्हणून प्राणी ती अधिकच चाटतो. ओल लागली की ती घट्ट बसते. पाकिटावरचे आश्वासन वाचून ती घेणे टाळलेलेच बरे. अक्रोडाच्या कवचाचा चुरा (त्याच्या कडा धारदार असतात), मक्याच्या कणसाचा भुसा (तो ओला होताच बुरसतो) आणि पाइन किंवा देवदाराच्या लाकडाचा भुसा हेही वर्ज्य समजावेत. या लाकडांतील उग्र तेलांचा श्वसनमार्गाला त्रास होतो. समुद्राची वाळू खारट असते आणि बागेतील मातीत खत किंवा कीटकनाशक असू शकते.

मग वापरायचे काय? नव्याने आणलेल्या, आजारी वा पिल्लू असलेल्या प्राण्यासाठी साधा टिपकागद सर्वांत उत्तम. तो दिसायला रुक्ष खरा. पण विष्ठा कशी आहे, जंत आहेत का, प्राणी खातो की नाही, हे सारे त्यावर लगेच कळते. खडबडीत फरशी किंवा स्लेटचा दगडही चांगला. तो ऊब धरून ठेवतो आणि नखेही झिजतात. गुळगुळीत चकचकीत टाइल मात्र पायाखाली घसरते. बाजारातील कृत्रिम गालिच्याच्या धाग्यांत नखे अडकतात व घाण मुरते.

पूर्ण वाढलेल्या, धडधाकट लेपर्ड गेकोसाठी खतविरहित मातीत सुमारे तीस टक्के धुतलेली बारीक वाळू मिसळून, ओलवून, दाबून आणि पूर्ण वाळवून केलेला थर निसर्गाच्या अधिक जवळचा ठरतो. त्यात त्याला उकरता येते. सात ते दहा सेंटिमीटर जाडी पुरते. मात्र अशा थराखाली तापणारी चटई ठेवू नये, उष्णता आत कोंडते. ऊब वरून द्यावी आणि तिला थर्मोस्टॅट जोडावा. क्रेस्टेड गेकोचे गणित उलटे. त्याला दमटपणा हवा, तेव्हा नारळाच्या काथ्याचा भुसा योग्य. तोच भुसा कोरड्या पेटीत धूळ होऊन डोळ्यांत व नाकात जातो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात मात्र हवाच इतकी दमट असते की पाणी शिंपडताना हात आखडता घ्यावा, नाहीतर बुरशी धरते.

विष्ठा रोज उचलावी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतात, म्हणून पेटीत हात घातल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात हे प्राणी ठेवूच नयेत. प्राण्याने खाणे सोडले, बरेच दिवस विष्ठा झाली नाही, पोट फुगले किंवा मागचे पाय ओढत चालू लागला, तर घरगुती तेल पाजण्यात वेळ न दवडता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. आतडे कोठे तुंबले आहे, हे क्ष-किरण चित्रात बहुधा दिसते. जाताना पेटीतील थराची मूठभर चिमूट सोबत न्यावी. काय गिळले गेले असावे, हे त्यावरून वैद्याला ठरवता येते.