नंदी : व्हाइटफील्डच्या उत्तरेची दोन देवळे

नंदी हे कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील गाव आणि त्याला लागून असलेला ग्रॅनाइटचा डोंगर. बंगळूरच्या पूर्व भागातील व्हाइटफील्डपासून ते रस्त्याने सुमारे ६० किमी. उत्तरेस आहे. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,४७८ मी. पायथ्याच्या गावात भोगनंदीश्वराचे, तर माथ्यावरील किल्ल्यात योगनंदीश्वराचे देऊळ आहे. व्हाइटफील्डहून सुटीच्या दिवशी पहाटे निघणाऱ्या मोटारी सूर्योदय गाठण्यासाठी सरळ माथ्यावर जातात आणि ऊन चढण्याआधी परततात. पायथ्याचे देऊळ वाटेवर असले तर पाहायचे, नसले तर राहिले. प्रवासी पुस्तकांतही ‘नंदी हिल्स’ थंड हवेच्या ठिकाणांत आणि भोगनंदीश्वर प्राचीन वास्तूंत, असे दोन वेगळ्या प्रकरणांत येतात. सोय म्हणून ही वाटणी चालते, पण स्थळाचे वर्णन म्हणून ती टिकत नाही. डोंगर आणि पायथा मिळून नंदी हे एकच क्षेत्र आहे आणि त्याची फाळणी फार तर दोनशे-सव्वादोनशे वर्षांची आहे.

पुराव्याचा पहिला धागा बिरुदाचा. पश्चिम गंग राजे स्वतःला ‘कोवळालपुरवरेश्वर’ आणि ‘नंदगिरिनाथ’ म्हणवत. कोवळाल म्हणजे आजचे कोलार, नंदगिरी म्हणजे हा डोंगर. गंगांची राजधानी पुढे कावेरीकाठी तळकाडला गेली, तरी डोंगराचे नाव बिरुदातून गेले नाही. एखादा डोंगर राजसत्तेची खूण म्हणून इतका काळ मिरवला जातो, तेव्हा त्याला आधीपासून काही मान होता असे समजणे भाग आहे. जवळच्या गोपीनाथ टेकडीवरील जुना लेख जैन चैत्याचा उल्लेख करतो. म्हणजे हा मान केवळ शैवांपुरताही नव्हता. शिवालयाचे लेखी उल्लेख त्यानंतर येतात. नोलंबाधिराजाचा आणि राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या गोविंदाचा असे दोन्ही उल्लेख इ. स. ८०६ च्या सुमाराचे, आणि बाण राजे जयतेज व दत्तिय यांचा ताम्रपट इ. स. ८१० च्या आसपासचा. देऊळ बांधवून घेण्याचे श्रेय याच बाण घराण्यातील रत्नावली राणीकडे जाते. मराठी वाचकाला यातला गोविंद परका नाही. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या कारकिर्दीशी जोडतात त्या पहिल्या कृष्णाचा हा नातू, आणि त्याचे दानपत्र ज्या मयूरखंडीहून निघाले ती नाशिक जिल्ह्यातील मार्कंडा डोंगराजवळ असावी असे मानतात. सह्याद्रीच्या कुशीतली सत्ता नंदीच्या पायथ्याशी नोंदली जाते, यावरून त्या काळी हे ठिकाण आडवळणाचे नव्हते एवढे तरी नक्की.

डोंगराला मान, तर मग देऊळ पायथ्याशी का? उत्तर व्यवहाराचे असावे. दान चालू राहायचे तर जमीन हवी, जमिनीला तळे हवे, तळ्याला माणसे हवीत. उघड्या कातळमाथ्यावर यातले काहीच पुरेसे नाही. पायथ्याच्या देवळाचा विस्तारच हे सांगतो. भोगनंदीश्वर आणि अरुणाचलेश्वर ही दोन जुळी मंदिरे शेजारी-शेजारी, प्रत्येकासमोर नंदी, दोहोंच्या मध्ये उमामहेश्वराचे लहान देऊळ आणि त्यापुढे काळ्या दगडाच्या नाजूक खांबांचा कल्याणमंडप. खांबांवर शिव-पार्वती, ब्रह्मा-सरस्वती, विष्णू-लक्ष्मी, अग्नि-स्वाहा अशा जोड्या कोरल्या आहेत. शिल्प म्हणून पाहायचे तर सर्वाधिक वेळ या मंडपालाच द्यावा. जुळ्या मंदिरांच्या भिंती त्यामानाने बऱ्याच संयत आहेत. पलीकडे शृंगी तीर्थ ही चहूबाजूंनी पायऱ्यांची विस्तीर्ण पुष्करिणी. बाहेरचे प्राकार आणि ओवऱ्या विजयनगर काळातल्या.

या देवळाला सरसकट ‘चोळ मंदिर’ म्हणण्याची पद्धत आहे, तिचा इथे विचार करावा लागतो. कारण ते एका घराण्याचे ठरले तर डोंगराशी असलेले जुने नाते आपोआप दुय्यम होते. अकराव्या शतकाच्या आरंभी गंगांचा मुलूख, गंगवाडी, चोळांच्या हाती गेला, त्यांनी इथे भर घातली, आणि देवळातील एक बैठी मूर्ती चोळ राजाची मानली जाते, हे सगळे खरे. पण चोळ इथे पोचण्याच्या दोनशे वर्षे आधीचे दानलेख उपलब्ध आहेत, कल्याणमंडपाची घडण होयसळ वळणाची आहे आणि प्राकार त्यानंतरचा. सत्ता बदलली तरी प्रत्येकाने मूळ जागा राखून तिच्याभोवती बांधले. एकाच घराण्याचे नाव देणे म्हणजे मधल्या एका पानावरची सही पाहून अख्खी वही एकाच्या नावावर करणे.

अधिक वजनाचा आक्षेप असा की, जुने लेख पायथ्याच्या देवळाबद्दल बोलतात, माथ्याचे देऊळ तुलनेने नंतरचे, आणि ‘भोग’ व ‘योग’ ही जोडी उत्तरकालीन भाविकांनी जुळवलेली. आक्षेपातील कालक्रम मान्य करायला हरकत नाही. मात्र क्षेत्र एक असण्यासाठी त्याचे सगळे दगड एकाच वेळी बसलेले असावे लागत नाहीत. त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात उभारले, ब्रह्मगिरीवरील गोदावरीचा उगम त्याहून कितीतरी आधीचा. तरी डोंगर आणि देऊळ ही दोन तीर्थे आहेत असे कोणी मानत नाही. नंदीतही स्थानिक परंपरा शिवाच्या अवस्थाच जागांवर वाटून देते. अरुणाचलेश्वर हे बालपण, भोगनंदीश्वर तारुण्य, योगनंदीश्वर विरक्ती. लग्नाचा प्रसंग उमामहेश्वराच्या वाट्याला आला आहे आणि म्हणून नवदांपत्ये तिथे येतात. महाशिवरात्रीची जत्रा व रथ खाली. वर विरक्त देवाला उत्सव नाही. दोन स्वतंत्र देवस्थाने एकमेकांच्या उणिवा इतक्या नेमकेपणाने भरून काढत नाहीत. वरच्या देवाला उत्सव नसणे खालच्या देवाच्या उत्सवाशिवाय समजतच नाही.

मग फाळणी झाली कशी? लष्करी कारणांनी. माथ्यावरचा चिक्कबळ्ळापूरच्या पाळेगारांचा किल्ला हैदर आणि टिपू यांनी बळकट केला, आणि तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात कॉर्नवॉलिसच्या फौजेने १९ ऑक्टोबर १७९१ च्या रात्री तो घेतला. या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या. पुढे म्हैसूरचे ब्रिटिश आयुक्त मार्क कबन यांचा उन्हाळी बंगला माथ्यावर आला, त्यामागून बागा आल्या, अतिथिगृहे आली. १९८६ च्या सार्क परिषदेच्या वेळी राष्ट्रप्रमुखांना इथेच आणले होते. माथा राज्याच्या फलोद्यान खात्याकडे आणि पायथ्याचे देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, अशी व्यवस्था दीर्घकाळ राहिली. आजचा प्रवासी जी सीमा पाळतो ती अशी सरकारी दप्तरातली आहे.

व्हाइटफील्डच्या संदर्भात हे सारे सांगणे ओढूनताणून आहे, असेही कोणी म्हणेल. १८८२ मध्ये दहाव्या चामराज वडियारांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेला शेतीवस्तीसाठी जमीन दिली, संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांच्यावरून नाव पडले, १९९० च्या दशकात संगणक उद्यान आले आणि २०२३ मध्ये मेट्रो. या कथेत डोंगरातल्या शिवालयाला जागा नाही. पण ही कथा नावाची आहे, भूमीची नव्हे. ते संगणक उद्यान ज्या पट्टंदूर अग्रहार भागात आहे, त्याच्या आसपास अकराव्या शतकातील चोळकालीन तमिळ लेख मिळाला असून तो तळे बांधल्याचे आणि देवता स्थापल्याचे सांगतो. नंदीच्या पायथ्याला दिसते तीच तळे-देऊळ-जमीन ही घडण. शेजारचे होसकोटे शहाजीराजांच्या बंगळूर-कोलार जहागिरीत होते. आणि अर्कावती व उत्तर पिनाकिनीप्रमाणे दक्षिण पिनाकिनीही नंदीच्याच डोंगररांगेत उगम पावते. ती होसकोट्याचे तळे भरून व्हाइटफील्डच्या पूर्वेकडून दक्षिणेला जाते. बेळ्ळंदूर आणि वर्तूर तळ्यांचे, म्हणजे या उपनगराच्या मोठ्या भागाचे सांडपाणीही तिलाच मिळते आणि तमिळनाडूत होसूरजवळच्या केलवरपळ्ळी धरणात फेस होऊन तरंगताना दिसते.

दर्शनाचा क्रम खालून वर असा ठेवावा. डोंगराला वळसा घालून चढणारा मोटाररस्ता पायथ्याच्या देवळाला बाजूला टाकतो, त्यामुळे त्यासाठी मुद्दाम नंदी गावात उतरावे लागते. कल्याणमंडप आणि पुष्करिणी नीट पाहायला दोन तास तरी हवेत. सूर्योदय गाठण्याच्या घाईत ते मिळत नाहीत; शिवाय पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात माथा पहाटे बहुधा धुक्यात असतो, तेव्हा त्या घाईचे फळही पुष्कळदा हाती लागत नाही.