शिशु-निरीक्षण, मनोविश्लेषणात्मक
मनश्चिकित्सेच्या प्रशिक्षणार्थ्याने एखाद्या बालकास जन्मापासून सुमारे दोन वर्षांच्या मुदतीपर्यंत, दर आठवड्यास नियत वेळी तासभर, त्याच्या घरीच पाहत राहण्याची अध्ययनपद्धती. पोलंडमध्ये जन्मलेल्या एस्थर बिक यांनी, मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांच्या प्रोत्साहनाने, १९४८ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ती सुरू केली. १९६० मध्ये ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेच्या शिक्षणक्रमातही तिचा अंतर्भाव झाला. निरीक्षकाने बालकाच्या घरी टिपण करावयाचे नाही की सल्ला द्यावयाचा नाही. मागाहून स्मरणाने तपशीलवार वृत्तांत लिहून तो लहानशा चर्चामंडळापुढे ठेवावयाचा. तान्ह्याच्या रडण्याने स्वतःच्या मनात उठणारी कालवाकालव, उपाय करण्याची उतावीळ आवरून, सोसत राहणे हेच यातील खरे आणि दुष्कर शिक्षण होय.

भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यास मनोविश्लेषण संस्था १९२२ मध्येच स्थापिली होती. तथापि ही पद्धती येथील घरांत नेताना विवेक हवा. मलप्रभा नदीच्या उगमाशी वसलेल्या कणकुंबीसारख्या (ता. खानापूर, जि. बेळगाव) सीमाभागातील गावी टाळू भरणे, तेल चोळणे, न्हाऊ घालून धुरी देणे यांवर बहुधा आजीचाच अंमल चालतो, तेथे केवळ माता व बालक एवढ्यांवरच दृष्टी ठेवून भागणार नाही. शिवाय तासभर मुकाट बसणाऱ्या पाहुण्याने चहाही नाकारावा, हे कोणत्याही मराठी घरी खपावयाचे नाही.