अंगणातली नाचशाळा

आज आपण नाचाबद्दल बोलणार आहोत. टीव्हीवरच्या नाही, आपल्या नाचाबद्दल.

मार्च महिना जवळ आला की गावोगावच्या बचत गटांत धांदल सुरू होते. आठ मार्चच्या कार्यक्रमाला भाषण कोण करणार, रांगोळी कोण काढणार हे ठरतं. मग एखादी म्हणते, "यंदा आपल्या गटाचा एक नाच होऊ दे की." लगेच दुसरी म्हणते, "आता या वयात? आणि शिकवणार कोण?" तिसरी म्हणते, "धारा, भाकऱ्या, भांगलण, यातनं वेळ कुठाय?" चौथी काही बोलत नाही, पण तिच्या मनात असतं, गाव काय म्हणेल?

आम्हाला वाटतं, हे प्रश्न नवे नाहीत. आपल्या सातारा-सांगलीकडच्या बायांनी त्यांची उत्तरं फार आधी शोधून ठेवली आहेत. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. आपल्या आज्यांना आपल्याहून कमी वेळ होता. पहाटे जातं, मग पाणी, मग शेत. तरीही त्या नाच शिकल्या, कारण त्यांनी तो वर्षाच्या सणांत बसवला होता. पंचमीला झोके आणि फेर, श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर, भादव्यात गौरी आल्या की रात्रभर झिम्मा-फुगडी, आणि आश्विनात हस्त नक्षत्र लागलं की हादगा. पुण्याकडं त्याला भोंडला म्हणतात, आपल्याकडं हादगाच.

हादग्याची रीत आठवून बघा. हत्तीचं चित्र मांडायचं, भोवती पोरींनी फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. असं करत सोळा दिवसांत सोळा गाणी. खिरापतही तशीच वाढत जायची. कुणा पोरीला पहिल्याच दिवशी सोळा गाणी पाठ करायला कुणी सांगितलं नाही. रोज आधीची गाणी पुन्हा म्हणायची आणि त्यात एक नवं घालायचं. महिना संपायच्या आत सगळं तोंडात आणि पायात बसलेलं असायचं. आज मोठ्या शहरातल्या क्लासात सुद्धा याहून चांगली रीत नाही.

दुसरी गोष्ट शिकवणाऱ्याची. झिम्म्याला, फुगडीला मास्तर नव्हता. आई, आत्या, थोरली जाऊ, शेजारची नणंद, याच शिकवायच्या. त्याही 'असं कर' म्हणून सांगत बसायच्या नाहीत, हात धरून फेरात ओढायच्या. फुगडी कशी घालायची हे तोंडानं सांगून समजतच नाही. समोरासमोर उभं राहायचं, पावलं जवळ आणायची, हातांची अढी घालून घट्ट धरायचं, कोपर सरळ ठेवायचं आणि अंग मागं टाकायचं. तुमचं वजन समोरची तोलते, तिचं तुम्ही. एकीनं हात सैल सोडला तर दोघी पडतात. म्हणून नवीन पोरीसोबत नेहमी जाणती बाई फुगडी धरायची. झिम्म्यात टाळी हीच मोजणी. टाळी चुकली की पाऊल चुकलं हे आपलं आपल्यालाच कळायचं.

आणि ताल तर आपल्या अंगात आधीच होता. जात्याचा खुंटा फिरवताना, उखळात दोघींनी मिळून कांडताना, सुपानं पाखडताना हात मोजूनच चालायचे. कांडताना एकीचं मुसळ वर असताना दुसरीचं खाली यायला लागतं. मंगळागौरीच्या खेळात सूप नाचवतात, तेव्हा रोजच्या कामातलं सूपच हातात असतं.

तिसरी गोष्ट वयाची. वारीत बघा. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आपल्या सातारा जिल्ह्यातनं जाते. तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. त्या वाटेवर साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्या फुगड्या घालतात, टाळाच्या तालावर पावली खेळतात. तिथं त्यांना वय कुणी विचारत नाही.

आता चौथा प्रश्न, गाव काय म्हणेल. हा सगळ्यात अवघड आहे, आणि त्याचा इतिहास गोड नाही.

आपला भाग नाटक-तमाशाचा. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटक उभं राहिलं. त्यात सीतेचं काम करायला बाई नव्हती, पुरुषच होते. तमाशातही आधी बाईचं सोंग नाच्या पोऱ्या करायचा. पुढं बायका तमाशाच्या बोर्डावर आल्या. त्यात पहिलं नाव घेतात ते पवळाबाईंचं. त्या संगमनेरकडच्या हिवरगावच्या, महार समाजातल्या. त्यांच्यासोबत फड गाजवला तो आपल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्यांनी, म्हणजे शाहीर पठ्ठे बापूरावांनी (1866 ते 1945). कुलकर्णीपण सोडून ते तमाशात गेले म्हणून त्यांचं नाव झालं. पवळाबाईंनी काय सोडलं आणि काय सोसलं, हे मात्र फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. बापूरावांनी तमाशाच्या खेळाचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ते नाकारलं, ही हकिगत प्रसिद्ध आहे. आपल्या समाजाच्या बायका नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता.

म्हणजे बघा, नाच गावाला हवा होता. जत्रेत फड आला नाही तर गावाला चैन पडत नव्हतं. पण नाचणारी बाई ठरावीक जातींतलीच असायची, आणि रात्री तिला दाद देणारेच सकाळी तिच्या नावाची शिवी करायचे. 'नाची' हा शब्द आपल्या घरांत शिवी म्हणून का वापरतात, याचं मूळ इथं आहे.

वाईच्या यमुनाबाई वाईकरांचं उदाहरण घ्या. 1915 साली त्या कोल्हाटी समाजात जन्मल्या. घरची गरिबी, म्हणून आईबरोबर लहानपणीच रस्त्यावर खेळ करू लागल्या. लावणीचे पहिले धडे त्यांना आईनंच दिले. पुढं घरच्यांचा तमाशा निघाला, त्या गावोगाव फिरल्या. लावणी गाताना चेहऱ्यानं आणि हातानं भाव दाखवायची, म्हणजे अदाकारीची, त्यांची ख्याती झाली. 1977 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 2012 साली पद्मश्री. मे 2018 मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांचं वय 102 वर्षं होतं.

यमुनाबाई नाच आईकडून शिकल्या. आपल्या आज्याही झिम्मा-फुगडी आईकडूनच शिकल्या. मग एकीला 'नाची' आणि दुसरीला 'सुवासिनी' का म्हटलं? दोघींचं शिकणं सारखं होतं. फरक एवढाच, की एकीला बघायला परके पुरुष बसत आणि ते पैसे टाकत, तर दुसरी दार लावून घरातल्या घरात नाचे. आणि जात वेगळी होती. पोटासाठी नाचलेल्या बायांनी ही कला जपली, वाढवली, आणि बदनामीही सोसली. आज आपण कार्यक्रमात हौसेनं एखादी लावणी बसवतो, शिट्ट्या घेतो, घरी जातो. ती लावणी कुणाची देणगी आहे, हे तेव्हा आठवलं पाहिजे. निदान आपल्या गटात तरी 'नाची' हा शब्द शिवी म्हणून कुणी उच्चारू नये.

अंगणातल्या नाचालाही भिंत होतीच. मंगळागौर सुवासिनींची. नवरा गेलेली बाई त्या फेरात नसायची. कालपर्यंत फुगडीत पहिली असलेली बाई एका दिवसात कोपऱ्यात बसायची, आणि तिचे पाय जमिनीवर ताल धरायचे तेव्हा ती पदर सावरून स्वतःला आवरायची. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ठराव केला, की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. कागदावर हे झालं. फेरात कधी होणार, हे आपल्या हातात आहे. वारीत पांडुरंगापुढं फुगडी घालताना कुणी विचारत नाही की तुझा नवरा आहे का. मग गटाच्या कार्यक्रमात का विचारायचं?

शाळेनंही एक वाट उघडली, ती म्हणजे लेझीम. आधी तो तालमीतला, पोरांचा व्यायाम. पुढं शाळांच्या कवायतीत आला आणि पोरींच्या हातात पोचला. सांगलीत 26 जानेवारी 2014 रोजी 7 हजारांहून जास्त मुला-मुलींनी एकत्र लेझीम खेळून विक्रम केला. आपल्यातल्या कितीतरी जणी दहावीनंतर लग्न होऊन आल्या, पण लेझमीची मोजणी अजून अंगात आहे. पुण्यात रोहिणी भाटेंनी 1947 साली 'नृत्यभारती' काढून घरंदाज मुलींना कथक शिकवायला घेतलं, तेव्हा तीही मोठी हिंमत होती. पण तो क्लास पुण्यात. आपल्या वाट्याला आलं ते अंगण आणि शाळेचं मैदान. ते कमी नाही.

आता कामाचं बोलू. या जुन्या रीतीतून आज घरी नाच कसा शिकायचा?

हादग्यासारखं रोज थोडं. रात्रीची भांडी झाली की पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी फक्त एक कडव्याचे पाय. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा, आणि पुढचं एक. आठवड्यातनं एकदा दोन तास नाचण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं जास्त टिकतात.

आधी पाय, मग हात, चेहरा शेवटी. आपली बहुतेक गाणी आठ मोजणीत बसतात. एक ते आठ मोजत नुसतं जागच्या जागी पाऊल टाका. मोजणी न चुकता दहा वेळा झाली की मगच हात उचला.

गाणं आधी तोंडानं म्हणा. मोबाईलवरचं गाणं पळतं, आपल्यासाठी थांबत नाही. आपण म्हणू तेव्हा हळू म्हणता येतं. पाऊल बसलं की मग मोबाईल लावा. व्हिडिओ बघून शिकताना एक अडचण हमखास येते. बाई आपल्याकडं तोंड करून नाचते, त्यामुळं तिचा उजवा पाय आपल्याला डावीकडं दिसतो. गटात ज्या ताईला येतं तिनं पाठ करून पुढं उभं राहावं, बाकीच्यांनी तिच्या मागं. गोंधळ निम्मा होतो.

जमीन बघा. आज्यांचं अंगण सारवलेलं, मातीचं, मऊ होतं. आपल्या घरात फरशी आणि सिमेंट. त्यावर उड्या मारल्या की गुडघे धरतात. शिकताना उडी नको, पाऊल सपाट टाका. फरशीवर गोणपाट किंवा चादर टाकू नका, पाय घसरतो. जेवल्यावर लगेच नको. पोटुशी बाई, बीपीचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेली ताई, यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. त्यांना बसून टाळीचा ताल धरता येतो. बैठकीच्या लावणीची अदाकारी तर बसूनच होते, हे यमुनाबाईंनी जगाला दाखवलं.

आणि एकटीनं शिकू नका. दोन घरं मिळून शिका. फुगडी एकटीला घालता येत नाही. सासूबाईंना बघायला बसवण्यापेक्षा विचारा, "आत्याबाई, तुमच्या वेळी हे कसं घालत होता?" त्या उठून दाखवतील. त्यांना येणारी गाणी कुठल्याच मोबाईलमध्ये नाहीत. लिहून घ्या, गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली तरी चालतील.

आता शहरांत आणि आपल्याकडंही मंगळागौरीच्या खेळांचे ग्रुप निघालेत. चाळिशी-पन्नाशीच्या बाया एकसारख्या नऊवारी नेसून स्टेजवर खेळ करतात, मानधनही घेतात. चांगलंच आहे. कष्टाचे पैसे घेण्यात कमीपणा नाही. फक्त स्टेजवर आठजणी नाचतात आणि बाकीच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतात, तसं अंगणात नव्हतं. तिथं बघणारं कुणी नसायचं, सगळ्या फेरातच असायच्या. म्हणून आमचं एक सांगणं आहे. कार्यक्रमात तुमच्या गटाचा नाच झाला की शेवटचं गाणं सगळ्यांसाठी ठेवा. खुर्च्या मागं सारा, फेर धरा. एकल बायांना, म्हाताऱ्यांना, वेगळ्या वस्तीतल्या मैत्रिणींना हाताला धरून आत घ्या. ज्यांना पाऊल येत नाही, त्या तिथंच शिकतील. आपण सगळ्या तशाच शिकलो आहोत.

येत्या बैठकीत वसुली आणि हिशेब झाला की पंधरा मिनिटं काढा. पहिल्या दिवशी एकच गाणं.

राम राम मैत्रिणींनो.